बिनपाटीचा

उद्यमनगरात, मुल्लाणींच्या शेडमध्ये
तो मंगळवारी उतरला चेनब्लॉकवरून.
तीनशे किलो, पोटात काळं तेल
आणि पाटीच्या जागी नुसती दोन रिबिटांची भोकं.
बंद पडलेल्या खाणीतल्या कुठल्याशा डंपरचा,
आण्णासो चौगुल्यांनी लिलावात घेतलेला.
ओतीव नंबर ग्राइंडरनं पुसलेला.
चोरीचा असंल, वेल्डरचा पोरगा म्हणाला.
"चोराला एवढा वेळ असतोय व्हय?"
दस्तगीर मिस्त्रींनी रॉकेलचा डबा मागितला.

आण्णासोंना एवढंच हवं होतं:
पंधरा टन भरून, ओल्या रस्त्यानं
करूळचा घाट हा ओढंल का?

मिस्त्रींनी अंदाज बांधला नाही.
पुढच्या शाफ्टवर खडूची एक रेघ,
मागच्या फ्लँजवर एक.
लिव्हर नव्हताच. पान्याच्या टोकानं दांडी सरकवून
पहिला टाकला.
"फिरीव. मागचं मी बघतो."

सात फेरे. आणि सातावर थोडं,
तेव्हा मागची रेघ जाग्यावर आली.
"थोडं म्हंजे किती?"
मी गप्प.
"मग मागचे दहा फेरे हुईस्तवर फिरीव.
थोडं धा पट केलं की दिसतंय."
एकाहत्तर, आणि अर्ध्याच्या पुढं दोन बोटं.
दंड भरून आले. आयटीआयच्या दोन वर्षांत
अपूर्णांक कधी असा खांद्यात दुखला नव्हता.

मग झाकण काढलं.
"वडगावच्या बाजारात बैलाचं काय बघत्यात?"
दात.
"मग? दोन दाती, चार दाती, जुळलेला.
बैल काय दाखला घेऊन येतोय?"
मी मोजले एकेचाळीस. परत मोजले, त्रेचाळीस.
त्यांनी एका दाताला खडू लावला.
"सुरुवात कुठनं केली ते इसरलं की
सगळं मोजणं खोटं."
बेचाळीस निघाले.

बावीसवर बेचाळीस, बारावर पंचेचाळीस.
सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर गुणाकार:
सात पॉइंट सोळा.
हातानं सांगितलेलंच कागदानं सांगितलं.
दुसरा चार पॉइंट बारा. तिसरा अडीचला चिकटून.
चौथा एक पॉइंट सदुसष्ट, पाचवा सरळ,
एकास एक.

तिसऱ्याचा एक दात वेगळा होता.
कधीतरी तुटलेला, कुणीतरी वेल्डिंगनं भरलेला
आणि कानशीनं घासून घासून
शेजारच्या दातासारखा केलेला.
एक अख्खा दिवस गेला असेल त्या माणसाचा.
मिस्त्रींनी त्यावरनं अंगठा फिरवला,
पुन्हा एकदा फिरवला.
काही बोलले नाहीत. चहा सांगितला.

बशीत फुंकर घालत मग म्हणाले,
"मलाबी पाटी नव्हती.
अब्बाला इचारलं, कवा जन्मलो?
म्हणाला, पंचगंगेचं पाणी चढलं हुतं त्या साली.
आता कुठल्या साली चढत न्हाई?
शाळेत मास्तरांनी एक जून लिवला.
आमच्या वर्गात एकोणीस जण एक जूनचे."

संध्याकाळी आण्णासो आले, बुलेट बंद न करताच.
"कंपनी कुठली निघाली?"
"पहिला सातचा हाय. चढंल.
सावकाश, मागच्यांच्या शिव्या खात, पण चढंल."
"पण कंपनी?"
"कंपनी घाट चढती व्हय, आण्णासो?"
ते हसले. अॅडव्हान्स देताना मात्र
पाचशे कमीच दिले.

दिवे लागल्यावर मी बिल करायला बसले.
दात, फेरे, तेल, दोन सील, एक बेअरिंग,
सगळं घातलं.
'मेक'चा रकाना रिकामा सोडला तर
संगणक पुढं जाईना.
"घाल की कायतरी," हात धुता धुता मिस्त्री म्हणाले.
मी घातलं:
एक जून.